मधली चार घरं

राजासमोरचं प्यादं मी दोन्ही हातांनी उचललं आणि थेट दोन घरं पुढे नेऊन ठेवलं. प्यादं माझ्या गुडघ्याएवढं, प्लॅस्टिकचं, आतून पोकळ. खाली काळ्या-पांढऱ्या फरशांचा पट, भोवती कापून गोल केलेली झुडपं आणि कोपऱ्यात वॉचमन.

"मॅडम, ये बच्चों के लिए है."

"तो बुलाओ ना बच्चों को! मैं तो कब से तैयार हूँ."

त्याने आजूबाजूला पाहिलं. मुलं कुठेच नव्हती. संध्याकाळचे पाच वाजले होते, मुलं बहुतेक क्लासला होती. मग मी घोडा बाहेर काढला, कानाला धरून. जरीकाठाची साडी नेसलेल्या, पंचावन्न वर्षांच्या बाईशी हुज्जत घालावी की नाही हे त्याचं ठरेपर्यंत मी उंटही काढला. तिरका, लांबवर, थेट पलीकडच्या राजाच्या नाकाकडे रोखलेला. तीन चालींत बाई पटाच्या मधोमध उभ्या. वॉचमन मोबाइल बघायला लागला. शहाणा माणूस.

मुलुंडला भाचीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. वर भटजींचं चाललं होतं आणि मी धुराचं निमित्त करून तिसऱ्या मजल्यावरच्या या लटकत्या बगीच्यात आले होते. भाचीने फ्लॅट घेतला तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. ही इमारत आमच्या हरिभाई चाळीवर उभी आहे. चाळीचा एक दगड शिल्लक नाही, पण पश्चिमेच्या डोंगराची कड तशीच आहे, झोपलेल्या म्हशीच्या पाठीसारखी. त्या कडेवरून मी अंदाज घेतला. म्हशीचा खांदा असा समोर आला की आपण गॅलरीच्या टोकाला. म्हणजे बरोबर इथेच, फक्त दोन मजले खाली, मला महिन्यातले चार दिवस बसवत.

हल्लीच्या मुलींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. पाळी आली की आमच्या चाळीतल्या पोरी आणि बायका 'बाजूला' बसायच्या. आई एवढंच म्हणायची, "ती बाजूला आहे." बाकीचं सगळं त्या एका शब्दात आलं. कशाला शिवायचं नाही, चुलीजवळ फिरकायचं नाही, देवाकडे तर बघायचंही नाही. असं का, हे मी आयुष्यात एकदाच विचारलं होतं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारलंच नव्हतं असं आम्हा दोघींनी ठरवून टाकलं.

तर गॅलरीचं टोक. दुमडलेलं गोणपाट, त्याला ताग आणि जुन्या गव्हाचा वास. बसून बसून मांडीवर त्याची जाळी उमटायची. सकाळी सातला कारखान्याचा भोंगा, मग बंद दारांआडून स्टोव्हला पंप मारल्याचे आवाज, एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. नऊच्या सुमाराला औषधाच्या कारखान्याकडून येणारा कडवट वास, जिभेवर क्रोसिन ठेवून विसरल्यासारखा. ऊन कठड्याच्या गजांमधून आत यायचं आणि फरशीवर पट्टे पाडायचं. दुपारी एखादी काकू वाळत घातलेली सुकट राखायला मला सांगायची, वर म्हणायची, "नुसतं लक्ष ठेव हो, शिवू नको." कावळ्यांना मात्र शिवायची मुभा. मला कावळ्यांचा फार राग यायचा आणि फार हेवाही वाटायचा.

टोकाची खोली बाबलकाकांची. एका खोलीत सहा गाववाले, पाळीपाळीने झोपणारे. काका त्यांच्यातले सगळ्यांत मोठे, साठीच्या उंबरठ्यावर, मालवणजवळच्या आचऱ्याचे. बायको गावी. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, मग गिरणी राहिली नाही. ती का राहिली नाही हे सांगणारी माणसं पुष्कळ आहेत, मी कशाला सांगू? मला आठवतं ते त्यांच्या दारातलं स्टूल, त्यावर पसरलेला कॅनव्हासचा तुकडा आणि तुपाच्या पत्र्याच्या डब्यातून ओतल्या जाणाऱ्या लाकडी सोंगट्यांचा खळखळाट. कॅनव्हास गिरणीतलाच. त्यावर काकांनी तांबड्या रंगाने घरं आखली होती. काळा हत्ती कधीतरी हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ. आणि पटाच्या मधोमधची चार घरं सोंगट्या घासून घासून अशी झिजलेली की तांबडं-पांढरं ओळखू येत नव्हतं.

मी आठवीत असेन. तिसऱ्या दिवशीची दुपार. काका एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते आणि मी कठड्याला टेकून फरशीवरचे उन्हाचे पट्टे मोजत होते.

"काय गो चेडवा, कंटाळो येता?"

"हो."

"येतस खेळाक?"

"मला शिवायचं नाही, काका."

काकांनी डोकं खाजवलं. सोंगट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता 'बरं' म्हणून मान खाली घालतील. सगळे पुरुष तेच करायचे.

"मगे शिवू नको. तोंडान सांग. मी हलयतंय."

तर असं माझं शिक्षण सुरू झालं. मी गोणपाटावर, महाराणीसारखी. मी म्हणायचे, "घोडा. नाही, तो नको, वजिराकडचा." आणि साठीला आलेला माणूस माझा घोडा उचलून, मी सांगेन त्या घरात, अदबीने ठेवायचा. दुनियेने मला म्हटलं होतं कशाला शिवू नकोस, आणि इथे माझं सैन्य नुसत्या माझ्या शब्दावर चाललं होतं! त्यात एक गोष्ट घडली, तेव्हा मला ती कळलीही नाही. माझे हात मांडीखाली असायचे. डोळे आधी फिरायचे, मग डोकं, मग तोंड. एकदा तोंडातून गेलेली चाल काका परत घेऊ द्यायचे नाहीत. "सांगितलंस ना? झाला मगे."

सुरुवातीला ते देशी नियमाने खेळायचे, प्यादं एका वेळी एकच घर. मग कुणीतरी त्यांना एक पुस्तक दिलं. इंग्रजी, मुखपृष्ठ नसलेलं, झुरळांनी कडा खाल्लेलं. ते मी मोठ्याने वाचायचे. अर्थात पानं काका उलटायचे. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जाऊ शकतं हे ऐकून ते हरखले. "इंग्रजांनी एक काम बरा केल्यानी," म्हणाले.

त्या पुस्तकातला पहिलाच डाव आम्हाला लागला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. राजासमोरचं प्यादं दोन घरं. समोरच्याचंही तेवढंच. मग आपला घोडा त्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून बाहेर. समोरचा त्याच्या घोड्याने त्या प्याद्याला जोर देतो. 'जोर' हा काकांचा शब्द. एखाद्या सोंगटीला मारलं तर मारणाऱ्याला मारायला मागे कुणी उभं असेल, तर तिला जोर आहे. नसेल तर ती बिनजोर, मग तो वजीर का असेना. मग आपला उंट तिरका सुटतो. एवढं सगळेच खेळतात. गंमत पुढे आहे. वजिराकडच्या उंटासमोरचं, बाजूचं एक प्यादं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं, एकच घर पुढे येतं. हळूच, दार लोटावं तसं. आणि त्याच्या जोरावर वजिरासमोरचं प्यादं दाणकन दोन घरं. आता दोन प्यादी मधोमध शेजारी शेजारी उभी, पदर खोचलेल्या दोन बायकांसारखी. हलवा बघू!

पुस्तकात या डावाला इटालियन म्हटलं होतं. काकांना ते मान्य नव्हतं.

"इटालियन म्हंजे खंय? हो डाव आमच्या आचऱ्याचो. माजो आजो ह्योच खेळा."

"काका, पण तुमच्या आजोबांचं प्यादं एकच घर चालायचं ना?"

"दोनदा चालयल्यान!"

त्यांचं म्हणणं साधं होतं. कडेला बसून कुणी डाव जिंकत नाही. "मधली चार घरां जेची, पट तेचो." हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. गॅलरीच्या अगदी टोकाला, गोणपाटावर, सगळ्या चाळीपासून चार हात दूर बसलेल्या मुलीला. म्हणताना त्यांना ते जाणवायचं की नाही, देव जाणे. मला जाणवायचं. मी दात काढून हसायचे.

दोन वर्षं गेली. उन्हाळ्यात कॅनव्हास तापून त्याला गिरणीच्या तेलाचा वास यायचा. थंडीत काका कानाला मफलर गुंडाळून बसायचे आणि माझी चाल ऐकू आली नाही असं सोंग करायचे. बाजूला नसले की मी सोंगट्या स्वतः हलवायचे, पण सवय लागली ती लागली. हात मांडीखाली. ठरल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. आईला हा सगळा प्रकार दिसत होता. ती काही म्हणत नव्हती, कारण मी खरंच कशाला शिवत नव्हते. नियम पाळला जातोय आणि पोरगी हसतेय, या दोन गोष्टी एकदम कशा होतात हे मात्र तिला कधी कळलं नाही.

"आप चेस सिखाती हैं क्या?" वॉचमनने मघाशी न राहवून विचारलं. मी म्हटलं, "नहीं रे, झगडा करना सिखाती हूँ." तो हसला, आणि ते बाजूचं प्यादं माझ्या हातून घेऊन त्यानेच एक घर पुढे सरकवलं.

मी दहावीत गेले त्या वर्षी आसपासच्या चाळींची बुद्धिबळाची स्पर्धा ठरली. एका संघात चौघं. आमच्या संघात तीन पुरुष सहज मिळाले, चौथ्या पाटावर काकांनी माझं नाव लिहून टाकलं. कप्तान परबभाऊ पोस्टात होते, शिस्तीचे. त्यांनी नाक मुरडलं, पण मी पहिल्या तीनही फेऱ्या जिंकले तेव्हा त्यांचं नाक सरळ झालं. अंतिम सामना दोन गल्ल्या सोडून असलेल्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, रविवारी सकाळी दहाला.

शनिवारी दुपारी मी बाजूला बसले.

आईने गोणपाट टाकलं, ताट-वाटी वेगळी ठेवली आणि म्हणाली, "परबांना कळवते उद्या जमायचं नाही म्हणून."

"मी जाणार आहे."

"कुठे जाणार आहेस? देवळात? आणि तेही मारुतीच्या?"

"मंडपात. आत नाही."

"मंडप काय देवळाच्या बाहेर असतो? चाळ थुंकेल तोंडावर. तुझ्या नाही, माझ्या. तुला काय, तू उद्या लग्न होऊन जाशील, मला याच नळावर पाणी भरायचंय."

एवढंच बोलून ती आत गेली. ती देवाला भीत नव्हती हे मला त्या दिवशी कळलं. ती नळाला भीत होती. नळ म्हणजे सकाळी सहाची बायकांची रांग. तिथे कुणाच्या घरात काय झालं, का झालं, कुणी काय करायला हवं होतं, याचा निकाल लागायचा, आणि त्यावर अपील नव्हतं.

रविवारी सकाळी आई रॉकेलच्या रांगेत गेली. बाबा पहिल्या पाळीला. मी अंघोळ केली, शाळेची पांढरी रिबिन लावून दोन वेण्या घातल्या आणि निघाले.  रेशन दुकानावरूनच रस्ता होता. रांग कोपऱ्यापर्यंत आलेली, पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले, सगळीकडे रॉकेलचा तो गोडसर वास. आईचा नंबर मध्यावर. तिने मला पाहिलं.

"अगं ए! कुठे निघालीस?"

रांगेत पुरुष, बायका, दुकानदार, त्याचा मेहुणा. मी थांबले, छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "देवळात!"

"वा वा," मागचे एक आजोबा म्हणाले, "रविवारी सकाळी देवळात! आजकाल कोण जातंय? चांगलं वळण लावलंय हो तुम्ही पोरीला."

आईचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. नंबर सोडावा तर रॉकेल गेलं. ओरडावं तर काय म्हणून ओरडावं? तो शब्द पुरुषांच्या देखत उच्चारायचा नसतो. ती मला अडवू शकत होती, फक्त एका शब्दाने, आणि तो शब्द तिला बोलता येत नव्हता. दोन माणसं सोडून पुढे कदमकाकू उभ्या होत्या, आमच्या शेजारच्या. त्यांचे डोळे आधी माझ्यावर, मग आईवर आले. त्याही गप्प. पण त्यांचं गप्प बसणं वेगळं होतं. ते उद्या सकाळपर्यंत ठेवून दिलेलं गप्प बसणं होतं.

मी चालत सुटले. आता मला हत्यार सापडलं होतं.

मंडपात चार पाट मांडले होते, प्रत्येकावर नवा कोरा पट, दोन्हीकडे सतरंजीचे तुकडे. गाभाऱ्यातून शेंदराचा आणि तेलाचा वास. परबभाऊंनी मला बघितलं आणि हातातला नावांचा कागद पुन्हा वरून खाली वाचला. चाळीत कोण कधी बाजूला असतं हे पुरुषांना माहीत असायचं, आणि माहीत नसायचंही. गॅलरीतून जाताना ते डोंगराकडे बघत जायचे.

"अगं, तू? तू कशाला आलीस?"

"चौथ्या पाटावर माझं नाव आहे ना, भाऊ."

"आहे, आहे, पण आज तू... म्हणजे आज तुला..."

"आज काय?"

"तब्येत वगैरे..."

"झकास आहे."

"तसं नाही गं. आई काय म्हणाली?"

"आई रॉकेलच्या रांगेत आहे."

पंच एक निवृत्त मास्तर होते, जाड भिंगांचे. ते जवळ आले. "काय प्रॉब्लेम आहे?"

"प्रॉब्लेम असा नाही, सर," परबभाऊ कपाळ पुसत म्हणाले, "जरा अडचण आहे."

"कसली अडचण?"

"अडचण म्हणजे... ती आपली... अडचणच."

मास्तरांनी चष्मा वर केला. "हे बघा, काही हरकत असेल तर लेखी द्या. मी वाचून दाखवतो आणि निर्णय देतो."

लेखी! आणि वाचून दाखवणार! मारुतीच्या मंडपात, पन्नास माणसांसमोर! परबभाऊंच्या चेहऱ्यावरून पोस्टातले सगळे शिक्के एकदम उमटून गेल्यासारखे झाले. मी हात मागे बांधून उभी. कुणी बोला ना. पाळी म्हणा, विटाळ म्हणा, काय वाटेल ते म्हणा, मी निघून जाते. तुमच्या जिभेला त्या शब्दाचा विटाळ होतो ना? मग मी बसते.

"नाव लिवलेला आसा ना?" खांबाला टेकलेले बाबलकाका म्हणाले. ते सगळं जाणून होते, सगळ्या चाळीत सगळ्यांत जास्त. "मगे बसतला ता चेडू."

मी चौथ्या पाटावर बसले. तो पाट नेमका गाभाऱ्याच्या समोर, मंडपाच्या मध्यावर आला होता. मारुतीने माझ्याकडे बघितलं, मी मारुतीकडे. दोघांपैकी कुणीही तक्रार केली नाही.

समोर शेट्ये नावाचे गृहस्थ होते, गोरटेले, बोटांत तीन अंगठ्या. मुलीशी खेळायचं म्हणून आधीच हसत होते. पण त्यांना एक खोड होती. विचार करताना ते सोंगट्या चाचपायचे. हत्तीला शिव, घोड्याला गोंजार, प्यादं उचलून परत ठेव, आणि वर म्हण, "नुसतं बघतोय हां." पहिल्यांदा मास्तर म्हणाले, "स्पर्धेचा नियम लक्षात ठेवा. ज्या सोंगटीला शिवाल तीच खेळावी लागेल." दुसऱ्यांदा म्हणाले, "आता सांगणार नाही."

माझे हात मांडीखाली होते.

मी आमचा आचऱ्याचा डाव मांडला. राजाचं प्यादं, घोडा, उंट. मग ते बाजूचं प्यादं, एक घर, हळूच. शेट्ये म्हणाले, "हे काय गं, घाबरलीस?" मी राजाचा किल्लेकोट केला. वेळ आली तसं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं. त्यांनी कडेने मारामाऱ्या सुरू केल्या, इकडे एक, तिकडे एक. मी मधोमध उभी. बाकीचे तीन पाट संपले. आम्ही एक जिंकलो, एक हरलो, एक बरोबरीत. लोक उठून आमच्याभोवती आले. कुणाच्या तरी तोंडाला पानाचा वास येत होता. आता सगळं चौथ्या पाटावर आलं होतं, आणि परबभाऊ पुटपुटत होते ते स्तोत्र होतं की शिव्या, मला कळत नव्हतं.

मी मधलं प्यादं एक घर पुढे ढकललं. ते त्यांच्या घोड्यावर चालून गेलं. आता घोडा हलवायचा, एवढंच करायचं होतं त्यांना, एखादं लहान मूलही करील. शेट्ये वाकले, हम्म म्हणाले आणि त्यांचा हात सवयीने गेला. उंटावर. अंगठ्यांची तीन बोटं उंटाच्या डोक्यावर अलगद टेकली, मग चटका बसल्यासारखी मागे आली.

"शिवलात," मास्तर म्हणाले.

"अहो नुसतं..."

"शिवलात तुम्ही. उंटच चालवा."

 मग खांबाजवळून काकांचा खोकल्यासारखा एक आवाज आला. ते हसू दाबत होते. मीही ओठ चावून धरले होते. शिवल्यामुळे बाट लागते म्हणतात. त्या दिवशी मारुतीच्या समोर ती लागली खरी, पण कुणाला!

शेट्ये उंट खेळले. मी घोडा मारला. त्यानंतर अर्धा तास ते लढले, पण त्या रिकाम्या घरातून वारा येत राहिला, आणि शेवटी त्यांनी राजा आडवा केला. "पोरगी हातच लावत नाही हो," ते कुणाला तरी म्हणाले, "नुसती बघते!"

ढाल लाकडी होती, मधोमध पितळी पत्रा. परबभाऊ ती घ्यायला पुढे झाले, तेवढ्यात काकांनी घेतली आणि माझ्या हातात दिली. मी ती छातीशी धरून, रस्त्याच्या मधून, रिक्षांचे हॉर्न खात घरी आणली. आई दारात उभी होती. तिने ढाल बघितली. माझ्या हातातून घेतली नाही, ठेवायला जागाही दाखवली नाही. मी ती भिंतीला टेकवून गोणपाटावर बसले. आईने वेगळ्या ताटात भात वाढला, सरकवला.  बाबांनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "उद्या कळेल." मारामारी मी केली होती आणि बिनजोर उभी होती ती, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.  जिंकल्याचा सगळा आनंद त्या भाताबरोबर निवला.

सकाळी सहाला नळ खर्र करून ओकला आणि आला. आई हंडा-कळशी घेऊन खाली उतरली. मी गॅलरीच्या कठड्याला चिकटून खाली बघत होते. तिच्या पुढे पाच-सहा जणी. बोलणं चाललं होतं ते तिला बघून थांबलं. इथे पुरुष नव्हते. इथे तो शब्द बोलता येत होता.

"काय गं," कदमकाकू म्हणाल्या, गोड आवाजात, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं, "तुझी लेक बाजूला होती ना शनिवारपासून?"

आईने हंडा खाली ठेवला.

"मग काल मारुतीच्या मंडपात कशी? आणि ती ढाल आता मंडळाच्या गणपतीसमोर ठेवणार म्हणे. गोमूत्राने धुऊन तरी द्या म्हणावं."

कुणी हसलं नाही. सगळ्या आईकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ती म्हणेल, चुकलं, पोर ऐकत नाही, मी काल डोळ्याने बघितलं पण अडवता आलं नाही. हे सगळं खरंच होतं. म्हटलं असतं तर मी तिला दोषही दिला नसता. 

"दहा बाय बाराची खोली आहे आमची," आई म्हणाली. तिचा आवाज आधी चिरका निघाला, मग सरळ झाला. "तिथे चूल, तिथेच मोरी, तिथेच देव, तिथेच आम्ही सगळे. बाजू कुठाय त्यात? दोन वर्षं पोरीला बाहेर गॅलरीत बसवली, गोणपाटावर, कुत्र्यासारखी. माझी मला लाज वाटते. पुढच्या महिन्यापासून ती घरात बसणार आहे. जिथे जागा असेल तिथे. मधोमध."

"अगं पण देव..."

"देव काही बोलला का तुला? मला तर नाही बोलला. ढाल माझ्या घरात आहे. ज्याला धुवायची असेल त्याने माझ्या दारात यावं."

आणि तिचा नंबर नसताना तिने कदमकाकूंची भरत आलेली कळशी बाजूला सरकवली आणि आपला हंडा नळाखाली लावला.